हा लाँग बेची स्वस्त बोट टूर: फसवणुकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिएतनाममध्ये हनोईहून ‘हा लाँग’च्या उपसागरात जाणाऱ्या एक दिवसाच्या आणि एका मुक्कामाच्या स्वस्त बोटींबद्दलचे हे प्रश्न आहेत. रुपयांच्या हिशोबासाठी एका रुपयाला सुमारे ३०० व्हिएतनामी डोंग धरले आहेत. दर हलतो, त्यामुळे निघायच्या दिवशीचा बघून घ्या.

फसवणूक नेमकी होते कुठे? बोटीवर?

बहुतेक वेळा नाही. बोटीवर होते ती किरकोळ लूट: बियरचं बिल, कयाकचे (वल्ह्याच्या छोट्या होडीचे) पैसे, टिपचं पाकीट. मोठा फटका बसतो तो आदल्या दिवशी, हनोईच्या ओल्ड क्वार्टरमध्ये, मा मे किंवा हांग बाकसारख्या गल्लीतल्या काउंटरवर. तिथला एजंट स्वतःची बोट बाळगत नाही. तो बोटीवरची एक जागा विकतो. संध्याकाळपर्यंत जमलेली गिऱ्हाइकं तो मोठ्या संयोजकाकडे पाठवतो, संयोजक त्यांना जागा असेल त्या बोटीत बसवतो आणि मधल्या प्रत्येकाचं कमिशन कापलं जातं. तुम्ही ४५ डॉलर दिलेत, पण बोटीच्या यादीत तुमच्या नावापुढे ३० डॉलरवाल्या सेवाच लिहिलेल्या असू शकतात.

म्हणून बोटीवर ‘मला तर कयाक फुकट सांगितलं होतं’ असं ओरडून काही होत नाही. गाईड खोटं बोलत नसतो, त्याच्या कागदावर खरोखरच ते नसतं. भांडण जिंकायचं ते पैसे देण्याआधी, काउंटरवर.

किती किमतीला संशय घ्यावा?

हनोई ते हनोई, सहा तास पाण्यावर, जेवण, कयाक आणि प्रवेश शुल्क धरून एक दिवसाची बरी टूर माणशी साधारण ४५ ते ६० डॉलरला पडते. एका रात्रीची, दोघांत एक केबिन धरून, माणशी ११० ते १५० डॉलर. दिवसाची टूर २५ डॉलरला मिळत असेल तर जरा गणित मांडा: उपसागराचं प्रवेश शुल्कच दहा डॉलरच्या आसपास आहे, त्यात हनोईहून जाण्यायेण्याचे पाच तास बस, जेवण, डिझेल, गाईड आणि एजंटचा हिस्सा. एवढ्यात ते बसत नाही. मग एक तर प्रवेश शुल्क वेगळं मागतील, नाही तर वेळ कापतील, नाही तर वाटेतल्या दुकानात तुम्हाला तासभर बसवून कमिशन वसूल करतील.

स्वस्त म्हणजे फसवणूक असंही नाही. साधी बोट, साधं जेवण, चाळीस माणसांचा घोळका हे सगळं आधी सांगून दिलं असेल तर तो रास्त सौदा आहे.

त्याच बसमध्ये शेजारच्याने माझ्यापेक्षा दहा डॉलर कमी दिले. मी फसलो का?

नाही. तुम्ही घासाघीस कमी केलीत, एवढंच. जागा वेगवेगळ्या एजंटांकडून विकली जाते आणि प्रत्येकाचा नफा वेगळा. फसवणूक तेव्हा, जेव्हा तुमच्या कागदावर जे आहे ते तुम्हाला मिळत नाही.

व्हाउचरवर काय काय लिहून घ्यायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. एजंट बहुधा छापील पावतीवर ‘हा लाँग, १ दिवस, २ माणसं, पैसे मिळाले’ एवढंच खरडून देतो. ती पावती परत त्याच्याकडे सरकवा आणि पेनाने पुढच्या गोष्टी लिहायला लावा.

बोटीचं पूर्ण नाव. ‘थ्री स्टार बोट’ हे नाव नव्हे. मुक्कामाची टूर असेल तर केबिनचा प्रकार, खिडकी आहे का, एसी रात्रभर चालतो का. जुन्या स्वस्त बोटींवर जनरेटर ठरावीक तासच चालवतात आणि जूनमध्ये रात्री दोनला एसी बंद झाला की झोपेचं खोबरं होतं.

पाण्यावरचे तास. ‘सकाळी आठ ते रात्री आठ’ असं लिहिलं तर त्यात बसचे पाच तास आणि थांबे येतात. त्याऐवजी ‘धक्क्यावरून सुटण्याची वेळ’ आणि ‘धक्क्यावर परत’ असं लिहून घ्या.

धक्क्याचं नाव: तुआन चाऊ, बाई चायचा आंतरराष्ट्रीय क्रूझ पोर्ट, किंवा शेजारच्या ‘लान हा’ उपसागराकडे जायचं असेल तर गोत.

काय धरून आहे, प्रत्येक गोष्ट सुटी सुटी: प्रवेश शुल्क, कयाक किंवा बांबूची होडी, गुहांची तिकिटं, जेवणं किती, पिण्याचं पाणी, हनोईहून नेणं आणि परत सोडणं. ‘सगळं धरून’ हे दोन शब्द कुठल्याही तक्रारीत टिकत नाहीत, कारण ‘सगळं’ म्हणजे काय ते प्रत्येकाचं वेगळं.

हवामानामुळे रद्द झाल्यास किती पैसे परत आणि किती दिवसांत. शेवटी एजंटचं दुकान, पत्ता, ‘झालो’ (तिथलं मेसेजिंग अॅप) किंवा व्हॉट्सअॅपचा नंबर, शिक्का आणि सही. मग तिथेच उभं राहून फोटो काढा. फोटो काढताना काउंटरवरचा माणूस कुरकुरला तर पैसे खिशात ठेवा आणि पुढच्या दुकानात जा. त्याच गल्लीत अशी चाळीस दुकानं आहेत.

सहा तासांची टूर सांगितली, पाण्यावर चारच तास मिळाले. हे कसं होतं?

उपसागराच्या फेऱ्यांना ठरलेले मार्ग आहेत आणि प्रवेश शुल्क मार्गाप्रमाणे बदलतं. मार्ग १ मध्ये थिएन कुंग आणि दाऊ गो या गुहा, बा हांगची तरंगती वस्ती आणि ‘झुंजणारे कोंबडे’ म्हणून प्रसिद्ध असलेले दोन सुळके येतात. हे सगळं धक्क्याजवळ असल्यामुळे चार तासांत उरकतं. मार्ग २ मध्ये सुंग सोत गुहा, लुऑन गुहेतली होडी आणि ती टोप बेट येतं आणि त्याला पाच ते सहा तास लागतात.

मार्ग २ चे पैसे घेऊन मार्ग १ वर फिरवून आणणं ही स्वस्त टूरची सगळ्यात जुनी युक्ती. पाहुण्याला फरक कळत नाही, कारण सुळके सगळीकडेच सुंदर. म्हणून व्हाउचरवर तास लिहाच, पण सोबत ‘सुंग सोत’ आणि ‘ती टोप’ ही नावंही लिहा. नावांवरून हुज्जत घालता येते, तासांवरून ‘आज भरती होती’ म्हणतात. धक्क्यावर मिळणाऱ्या प्रवेश तिकिटावर मार्ग छापलेला असतो, तिथेच वाचा.

आणखी एक प्रकार म्हणजे ‘तीन दिवस, दोन रात्री बोटीवर’ म्हणून विकलेली टूर. त्यात दुसरी रात्र पुष्कळदा कात बा बेटावरच्या हॉटेलात असते. कार्यक्रमात बारीक अक्षरात ते असतंच, तोंडी मात्र ‘दोन्ही रात्री बोट’ सांगतात.

एजन्सी आणि बोट खरी आहे हे कसं ओळखायचं?

हनोईत नावाजलेल्या एजन्सीच्या नावाच्या नकला पैशाला पासरी मिळतात. तेच नाव, एक शब्द मागेपुढे, पाटीचा तोच रंग. गुगल नकाशावर दिसणाऱ्या पाटीवर जाऊ नका. मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरचा रस्ता आणि घर क्रमांक जुळवून बघा.

परदेशी पाहुण्यांना टूर विकायला व्हिएतनाममध्ये आंतरराष्ट्रीय प्रवास सेवेचा परवाना लागतो. त्या परवान्याच्या क्रमांकात शेवटी ‘एलएचक्यूटी’ ही रोमन अक्षरं असतात. क्रमांक दुकानात लावलेला असतो किंवा संकेतस्थळाच्या तळाशी असतो. विचारल्यावर तो दाखवता आला नाही तर समोरचा दुसऱ्याचा दलाल आहे. त्याच्याकडून घेऊच नये असं नाही, पण मग परवाना असलेली मूळ कंपनी कोणती, ते व्हाउचरवर हवं.

बोटीचं नाव रंगासरशी बदलतं, नोंदणी क्रमांक बदलत नाही. क्वांग निन्ह प्रांतातल्या बोटींवर तो ‘क्यूएन’ या रोमन अक्षरांनी सुरू होतो, हाय फाँगच्या बोटींवर ‘एचपी’ने. क्रमांक बोटीच्या अंगावर मोठ्या आकड्यांत रंगवलेला असतो. चढताना त्याचा फोटो घ्या.

आगाऊ किती द्यावेत, आणि कसे?

काउंटरवर घेतलेल्या दिवसाच्या टूरसाठी पूर्ण पैसे आधीच मागतात, तिथे फारसा इलाज नाही. मुक्कामाच्या टूरला ३० ते ५० टक्के आगाऊ, बाकी बोटीवर, एवढं मान्य करायला हरकत नाही. घरून ऑनलाइन घेत असाल तर कार्डाने द्या. कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा क्यूआर कोडवर पाठवलेले पैसे परत येत नाहीत.

दुकानदार कार्डावर तीन टक्के जादा मागतात, ते तिथे सर्रास चालतं. मशीनवर ‘रुपयात की डोंगमध्ये’ असं विचारलं तर डोंग निवडा. रुपया निवडला की दर मशीनवाला ठरवतो आणि तो तुमच्या बँकेपेक्षा महाग पडतो.

किंमत डॉलरमध्ये सांगून डोंगमध्ये घेताना दर फुगवणं हीही नेहमीची खोड. ५० डॉलरला बाजारभावाने १३ लाख डोंग होत असतील तर १४ लाख मागतात. ती लाखाची तफावत म्हणजे सव्वातीनशे रुपये. आकडा शेवटी डोंगमध्येच ठरवा आणि तोच लिहून घ्या.

सकाळी हॉटेलवर न्यायला येणारा माणूस आपलाच, हे कसं कळणार?

ओल्ड क्वार्टरमध्ये साडेसात ते साडेआठ या तासाभरात डझनावारी मिनीबस फिरत असतात. कुणीही दारात येऊन ‘हा लाँग? हा लाँग?’ करतो आणि आपण बॅग उचलतो. तो दुसऱ्या टूरचा निघाला तर कधी साधा गोंधळ असतो, कधी रिकाम्या सीटवर गिऱ्हाईक पळवण्याचा डाव असतो, आणि मग धक्क्यावर पुन्हा पैसे मागतात. म्हणून तुम्ही नाव सांगू नका, त्याला सांगू द्या. त्याच्या यादीत तुमचं नाव आणि हॉटेल असलंच पाहिजे. बसचा नंबर आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर मागवता येतो.

वाटेत मोत्यांच्या किंवा हस्तकलेच्या दुकानात थांबवतात. खरेदी करावीच लागते का?

नाही. शौचालय वापरा, पाय मोकळे करा, परत बसमध्ये बसा. जाताना २०-३० मिनिटांचा एक थांबा ठीक, येताना पुन्हा पाऊण तास झाला तर तो तुमच्या वेळेतून गेलेला असतो. दुकानातलं पाणी आणि चिप्ससुद्धा बाहेरच्या दुप्पट भावाने मिळतात.

धक्क्यावर पोचल्यावर ठरलेल्यापेक्षा भलतीच बोट निघाली. काय करायचं?

चढू नका. छोट्या होडीतून एकदा बोटीवर गेलात की ‘आता बोट सुटली’ एवढं एकच उत्तर मिळतं. धक्क्यावर तुमच्याकडे पंधरा-वीस मिनिटं असतात, ती अशी वापरा:

१. बोटीच्या नावाचा, नोंदणी क्रमांकाचा आणि तुमच्या व्हाउचरचा फोटो एजंटला पाठवा आणि लगेच फोन करा.

२. गाईडला त्याची यादी दाखवायला सांगा. त्यात तुमच्या नावापुढे कोणती बोट लिहिली आहे ते बघा. ठरलेलीच बोट लिहिली असेल तर चूक धक्क्यावरची आहे आणि सुटण्यासारखी आहे. वेगळी लिहिली असेल तर तुम्हाला हनोईतच बदलून टाकलं होतं.

३. समान किंवा वरच्या दर्जाची बोट देत असतील तर घ्या. खालच्या दर्जाची देत असतील तर किमतीतला फरक परत मिळेल, असं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. तोंडी आश्वासन म्हणजे बोलाचीच कढी.

४. काहीच मान्य नसेल तर परत फिरा आणि त्या बसचं हनोईचं भाडं मागू नका. ते मिळत नाही आणि त्यात वेळ जातो.

आवाज चढवू नका. तिथे चारचौघांत आरडाओरडा केला की समोरचा माणूस अपमान झाला म्हणून अडून बसतो. शांतपणे, हसऱ्या चेहऱ्याने तीच गोष्ट पाच वेळा सांगणाऱ्याचं काम लवकर होतं.

पासपोर्ट मागतात. द्यावा का?

प्रवाशांची यादी पासपोर्ट क्रमांकासह बंदर प्राधिकरणाला द्यावी लागते, म्हणून क्रमांक किंवा फोटो मागणं रास्त आहे. मुक्कामाच्या बोटीवर नोंदणीसाठी मूळ पासपोर्ट तासभर घेतात, तेही चालतं. तारण म्हणून ‘बिल भरेपर्यंत’ ठेवून घेणं चालत नाही. उतरण्याच्या सकाळी नाही, त्याच संध्याकाळी परत मागा.

बोटीवरचं बिल शेवटी फुगतं. टाळायचं कसं?

जेवण धरलेलं असतं, पेयं नसतात. स्वस्त बोटीची कमाईच पेयांवर असते. मेन्यूवरच्या किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं, ‘प्लस प्लस’, दिसली तर त्यावर सेवा शुल्क आणि कर वेगळे लागणार. बाहेरची बियर आणली तर ‘झाकण उघडण्याचे’ पैसे घेतात, ते नियमात लिहिलेलं असेल तर वाद घालू नका. पाण्याची गोष्ट जरा वेगळी: २०१९ पासून उपसागरात एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आहे, म्हणून बाटल्यांचा खोका घेऊन चढलात तर अडवतील. स्टीलची बाटली न्या आणि बोटीवरच्या मोठ्या जारमधून भरा.

खरी खाच वेळेची आहे. बिल येतं सकाळी साडेनऊला, बॅगा खाली गेलेल्या, छोटी होडी लागलेली, मागे तीस माणसं. अशा वेळी कोण मोजत बसतो? तर आदल्या रात्री जेवणानंतर बिल मागा, तेव्हाच चुकतं करा आणि ‘चुकतं’ असं लिहून सही घ्या. प्रत्येक चिठ्ठीवर सही करण्याआधी आकडा बघा. रिकाम्या चिठ्ठीवर सही नाही.

नोटांचा घोळ काय असतो?

व्हिएतनामच्या सगळ्या नोटांवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा आहे, रंग एकमेकांना जवळचे आणि शून्यं एवढी की नवख्याची नजर गरगरते. सगळ्यात महागात पडते ती निळी जोडी: २०,००० आणि ५,००,०००. पहिली साधारण ६५ रुपयांची, दुसरी साडेसोळाशेच्या वर. ऊन असलेल्या डेकवर, गॉगल लावून, ओल्या हाताने पाकीट उघडलं की वीस हजाराऐवजी पाच लाख हातावर जातात. समोरचा मुठीत घेऊन ‘तू वीसच दिलेस’ म्हणतो.

ओळख मागच्या बाजूने पटवा. २०,०००च्या मागे होई आनचा छप्पर असलेला जपानी पूल आहे. ५,००,०००च्या मागे हो ची मिन्ह यांचं किम लिएन गावातलं घर आहे आणि ती नोट २०,०००च्या नोटेपेक्षा १६ मिलिमीटर जास्त लांब आहे. २,००,०००च्या नोटेवर तर हा लाँगचाच सुळका आहे, ती मात्र १०,०००च्या तांबूस-पिवळ्या नोटेबरोबर गोंधळते.

उपाय साधा: पाच लाखांच्या आणि दोन लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात. बोटीवर वरच्या खिशात फक्त लाखाच्या आणि त्याखालच्या. नोट देताना आकडा मोठ्याने म्हणा आणि नोट हातावर उघडी ठेवा, घडी करून नको. आणि मनातला हिशोब: शेवटची तीन शून्यं पुसा, राहील त्याला तीनने गुणा आणि एक-दशांश जास्त धरा. ६०,००० ची बियर म्हणजे साठ गुणिले तीन, १८०, वर अठरा, म्हणजे दोनशे रुपये. महाग आहे, पण लूट नाही.

तरंगत्या वस्तीत जिवंत मासे निवडायला सांगतात. घ्यावेत का?

भाव ‘दोनशे’ सांगतात. दोनशे हजार किलोला की शंभर ग्रॅमला, ते सांगत नाहीत. मासा पाण्यासकट बादलीत तोलतात आणि वर बोटीवर शिजवण्याचं शुल्क वेगळं. घ्यायचाच असेल तर आधी रिकामी बादली तोलायला लावा, मग मासा, मग शिजवण्यासकट एकूण रक्कम कागदावर शून्यांसकट लिहून घ्या. मालवण-वसईच्या बाजारात मासळी घेणाऱ्याला हे शिकवायला नको, फक्त तिथे लाजायचं नाही.

कयाक आणि टिप?

व्हाउचरमध्ये कयाक असेल तर ती साधारण अर्धा ते पाऊण तास, तीही दोघांत एक. ‘कयाक किंवा बांबूची होडी’ असेल तर दोन्ही मिळत नाही. होडी वल्हवणारा उतरण्याआधी टिप मागतो, १०-२० हजार डोंग पुरे. शेवटी फिरवलेल्या पाकिटात टिप टाकणं ऐच्छिक आहे. ‘माणशी एक लाख सक्तीचे’ म्हटलं तर व्हाउचरवर कुठे लिहिलंय ते विचारा. गाईडने खरंच मेहनत घेतली असेल तर त्याच्या हातात द्या.

शाकाहारी जेवणाच्या नावाखाली काहीही देतात का?

इथे लबाडीपेक्षा अज्ञान जास्त. ‘आन चाय’ म्हणजे शाकाहारी, एवढं सांगितलं तर मांस येत नाही, पण भाजीत माशांचा सॉस, ‘नुओक माम’, सहज पडतो. ‘मासा नाही, माशाचा सॉस नाही, अंडं नाही’ हे तिन्ही व्हाउचरवर लिहून घ्या आणि बोटीवर चढताच गाईडला सांगा, जेवायला बसल्यावर नाही. स्वस्त बोटीवर शाकाहारी म्हणजे भात, परतलेला कोबी आणि टोफू. जैन जेवणाची अपेक्षा तिथे ठेवू नका. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या, घरच्या खाऊला सहसा कुणी हरकत घेत नाही.

‘हवामानामुळे रद्द’ हे खरं की थाप?

बोटी सोडायच्या की नाही हे बोटवाला ठरवत नाही, बंदर प्राधिकरण ठरवतं. जून ते ऑक्टोबर वादळांचे महिने आणि जानेवारी ते मार्चमध्ये धुकं. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाने इथल्या कितीतरी बोटी धक्क्यालाच बुडवल्या, त्यामुळे मनाई आली की ती पाळली जाते. मनाई असताना एखादा एजंट ‘आमची बोट जाते’ म्हणत असेल तर तोच खोटारडा.

उलटी थापही असते. माणसं जमली नाहीत की ‘हवामान’ म्हणून रद्द करतात किंवा मुक्कामाऐवजी दिवसाच्या बोटीत कोंबतात. ओळखायची खूण: मनाई सगळ्यांना लागू असते. हॉटेलच्या रिसेप्शनला दुसऱ्या दोन कंपन्यांना फोन लावून उद्याची जागा विचारायला सांगा. त्या बिनधास्त विकत असतील तर तुमचं हवामान कागदी आहे.

पैशांबाबत रास्त व्यवहार असा: निघण्याआधीच रद्द झालं तर पूर्ण परतावा किंवा दुसरी तारीख, निवड तुमची. मुक्कामाची बोट मध्येच परत बोलावली तर झालेलं जेवण, शुल्क आणि बस यांचे पैसे कापून उरलेले परत. ‘परतावा नाही, फक्त दुसरी तारीख’ ही अट असेल आणि परवा तुमचं विमान असेल, तर पैसे गेलेच म्हणून समजा. यासाठी हा लाँग सहलीच्या शेवटच्या दिवसाला चिकटवू नका. नंतर हनोईत किमान एक मोकळा दिवस ठेवा.

स्वस्त बोट सुरक्षित असते का?

फेब्रुवारी २०११ मध्ये ती टोपजवळ मुक्कामाची बोट पहाटे बुडाली आणि १२ जण गेले. १९ जुलै २०२५ ला दुपारच्या अचानक वादळात दिवसाची बोट उलटली आणि ३५ हून अधिक माणसं दगावली. पुष्कळ जण आतच अडकले होते.

म्हणून चढल्यावर पहिली पाच मिनिटं फोटोत घालवू नका. लाइफ जॅकेट सीटखाली आहे की कुलूपबंद पेटीत, ते बघा. लहान मुलांच्या मापाचं वेगळं मागा. आपल्या जागेपासून उघड्या डेकपर्यंतची वाट आणि जवळची उघडणारी खिडकी हेरून ठेवा. आभाळ काळवंडलं, वारा सुटला, की बंद खोलीतून जॅकेटसकट बाहेर मोकळ्या बाजूला या. गाईडने सूचना दिल्याच नाहीत तर मागा. मागायला पैसे पडत नाहीत.

पुण्या-मुंबईच्या एजंटकडून पॅकेज घेतलं आणि बोट निकृष्ट निघाली. दाद कुठे?

इथे तुमची बाजू जास्त भक्कम आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण पॅकेजच्या कागदावर ‘हा लाँग क्रूझ’ एवढंच असेल तर आयोगासमोर तुम्ही काय दाखवणार? निघण्याआधी ईमेलवर बोटीचं नाव, तास आणि मार्ग मागवून ठेवा. ईमेलचं उत्तर हाच पुरावा.

व्हिएतनाममध्ये तक्रार कुणाकडे करायची? पैसे परत मिळतात का?

चोरी किंवा मारहाण असेल तर पोलीस ११३, रुग्णवाहिका ११५. विम्यासाठी पोलिसांचा लेखी अहवाल लागतो, तो व्हिएतनामी भाषेत मिळतो, हॉटेलवाल्याला बरोबर न्या. पासपोर्ट गेला तर हनोईत त्रान हुंग दाओ रस्त्यावर भारतीय दूतावास आहे. टूरच्या दर्जाबद्दलच्या भांडणात दूतावास पडत नाही.

टूरच्या पैशांसाठी आधी एजंटच्या दुकानात जा, तेही दुसरी गिऱ्हाइकं बसलेली असताना. हा उपाय सगळ्यात लवकर लागू पडतो. पूर्ण नाही तरी काही रक्कम सुटते. कार्डाने दिले असतील तर बँकेकडे सेवा न मिळाल्याचा वाद नोंदवा. त्याची मुदत साधारण १२० दिवस असते, पण घरी पोचल्याच्या आठवड्यातच करा. सोबत व्हाउचर, बोटीच्या क्रमांकाचा फोटो आणि एजंटशी झालेलं चॅट जोडा. कार्डावर तुम्ही न केलेला व्यवहार दिसला तर मात्र तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवा. चूक तुमची किंवा बँकेची नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नुकसान तुमच्यावर येत नाही.

निन्ह बिन्हची होडी, पट्टायाची बोट, तिथेही हेच का?

निन्ह बिन्हच्या ताम कोकमध्ये पायाने वल्हं मारणाऱ्या बायका परतीच्या वाटेवर भरतकामाचे रुमाल काढतात आणि होडी मंद होते. दुसरी विक्रेती होडी लागून ‘वल्हवणारीसाठी थंड पेय घ्या’ म्हणते. ‘खोंग, काम ऑन’ म्हणजे ‘नको, धन्यवाद’, एवढं पुरतं. तिथल्याच त्रांग आनमध्ये हा त्रास कमी.

थायलंडमध्ये पट्टायाजवळच्या कोरल आयलंडवर जेट स्की परत केल्यावर ‘ओरखडा पाडलास’ म्हणून हजारो बाथ मागतात. घेण्याआधी तळासकट व्हिडिओ काढा आणि वाद झाला तर पर्यटन पोलीस ११५५. तिथल्याच ‘फी फी’ बेटांच्या स्वस्त स्पीडबोटीत राष्ट्रीय उद्यानाचे माणशी ४०० बाथ धरलेले नसतात, ते आधी विचारा.

एजंट म्हणतो, वाईट रिव्ह्यू काढून टाक, मग पैसे देतो. काढावा का?

पैसे आधी, तेही हातात किंवा खात्यात जमा झालेले दिसले पाहिजेत. आणि काढण्याऐवजी बदला: तारीख, दुकानाचा पत्ता, बोटीचा क्यूएन क्रमांक, काय कबूल केलं होतं, काय मिळालं, आणि शेवटी ‘इतके पैसे परत दिले’. त्याला ही शेवटची ओळच हवी असते, वरच्या ओळी पुढच्या माणसाच्या कामाच्या.